आंधळी गाडी

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिला शनिवार संपला. एकदाचा!

माझं काम मशीनशी. सुप्याच्या कंपनीत मोजमाप विभागात बसते — पार्ट येतो, मी मोजते, बरोबर असला तर पुढे, नाही तर परत. मुलांशी माझा कधी संबंध आला नाही. पण एचआरच्या मोनिकाने परस्पर नाव टाकून दिलं. "पंकजा, पाच शनिवार फक्त. जवळचीच झेडपीची शाळा आहे. मुलांचा एकमेकांवरचा विश्वास वाढवणारे खेळ घ्यायचे. पुस्तिका आहे ना, त्यात सगळं दिलंय." कंपनीला अचानक मुलांच्या विश्वासाची काळजी का, हे तिने सांगितलं नाही. फोटो मात्र विसरू नकोस म्हणाली. शेवटच्या शनिवारी पालकांसमोर कार्यक्रम, साहेब येणार. म्हणजे कळलं.

पाचवीचा वर्ग. शिक्षक ज्ञानेश्वर सर — थकलेला, भला माणूस. दोन वर्ग एकटाच सांभाळतो.

पुस्तिकेतला पहिला खेळ: मैदानात वाळू भरलेल्या बाटल्या मांडायच्या. दोघांची जोडी. एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्याने न बोलता, नुसता हात धरून त्याला बाटल्यांमधून पलीकडे न्यायचं. मग अदलाबदल. नाव — 'विश्वासाची वाट'. पोरांनी ते पाच मिनिटांत बदललं. आंधळी गाडी! डोळे बांधलेला तो गाडी, नेणारा तो डायवर. अंगद नावाचा एक तोंडाळ पोरगा तोंडाने गिअर टाकतो, चढावर घरघरतो, आणि स्वतःची गाडी सरळ बाटल्यांवर घालतो. "ब्रेक फेल झाला म्याडम!"

सगळ्यांनी बाटल्या पाडल्या. एका जोडीने एकही नाही — सुमैरा आणि दिशा. दोन्ही फेऱ्यांत.

सर म्हणाले, "त्या दोघी म्हणजे एक जीव हो. सुमैरा आपल्या खाजाभाई गादीवाल्याची. दिशा वरच्या वस्तीवरची, कांदेवाल्यांची. पहिलीपासून एका बाकावर."

असेल. पण फार सफाईदार होतं ते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आमच्या विभागातल्या सुनीलच्या शिफ्टची रीडिंग, म्हणजे मोजलेली मापं, पाहिली. सगळी सारखी, शेवटच्या आकड्यापर्यंत! खरी वस्तू कधी सारखी येत नाही — थोडी इकडे, थोडी तिकडे, अशीच येते. सगळी सारखी आली म्हणजे माणसाने खुर्चीत बसून लिहिलेली असतात. सरळ विचारलं. आधी हसला, मग इकडेतिकडे बघितलं, मग कबूल झाला. "मॅडम, तुमी पोलिसात जायला पायजे हुतं."

नगरला परत येताना बसमध्ये त्या दोन मुली आठवल्या. दोन्ही फेऱ्या सारख्याच!

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज घड्याळ लावलं. बाकीच्या जोड्यांत एक फेरी बरी जाते, दुसरी वाईट. साहजिक आहे. एकाला नेता येतं, दुसऱ्याला येत नाही. या दोघींना मात्र कुणीही गाडी असो, कुणीही डायवर, तेवढाच वेळ. माझ्या टेबलावर असा पार्ट आला असता तर मी बाजूला काढून ठेवला असता.

सुमैराचं आणखी एक. तिला सारखं डायवरच व्हायचं असतं. "म्याडम, मीच डायवर होते दोन्ही बारीला. दिशाला न्हाई आवडत." दिशाला विचारलं तर उत्तर पुन्हा सुमैराच देते. दिशा मान किंचित वाकडी करून दुसरीकडेच बघत उभी असते, जणू आपण तिच्याशी बोलतच नाही. खेळ नसतानाही सुमैरा तिचं कोपर सोडत नाही. कानाशी लागून काहीतरी पुटपुटत असते — सारखी! मला हे आवडलं नाही. एक मूल दुसऱ्या मुलाचा असा ताबा घेतं, त्याला आपण मैत्री म्हणतो.

चादरीचा खेळ घेतला. सगळ्यांनी चारी बाजूंनी चादर धरायची, वर चेंडू, तो खाली पडू द्यायचा नाही. चेंडू दिशाकडे आला की ती हलतच नाही. सुमैराच तिच्या अंगावरून झेपावून तो परत ढकलते. आळस की आढ्यता?

मग डोळे मिटून ओळखायचा खेळ. मागून कोण गेलं ते सांगायचं. इथे दिशा एकदम हुशार! एकही नाव चुकलं नाही. "अंगद हाय. एक चप्पल घासत चालतो." पोरं हसली. मला वाटतं, ती पापण्यांच्या फटीतून बघत होती.

पुस्तिकेत तिसऱ्या शनिवारपासून जोड्या बदलायला सांगितलं आहे, म्हणजे विश्वास एकाच माणसाला चिकटून राहत नाही. तसं जाहीर केलं. सामान भरत होते तेव्हा सुमैरा आली.

"म्याडम, समद्यांच्या जोड्या बदला. आमची नका बदलू."

"का?"

"अशीच."

"अशीच म्हणजे?"

तिने माझी ओढणी धरली होती. "मी तुमचं समदं सामान उचलत जाईन. बाटल्या मीच भरीन. पर जोडी तेवढी नका तोडू."

मागून दिशाचा आवाज आला. आज पहिल्यांदाच नीट ऐकला. "सुमे, चल."

बघू, असं मी म्हणाले. माणूस एवढं गयावया करतो तेव्हा मागितलेल्या गोष्टीच्या मागे दुसरंच काहीतरी असतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सरांना फोन केला. म्हणाले, "राहू द्या की मॅडम जोडी. सुमैरा आजारी पडली की दिशा शाळेतच येत नाही. उगं कशाला?"

म्हणजे पकड माझ्या अंदाजापेक्षा घट्ट आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सापडलं.

त्या दोघींना जोडी ठेवू दिली, आणि फक्त सुमैराकडे बघत राहिले. डोळे बांधले की ती हनुवटी वर उचलते. रुमाल नाकावर टेकत नाही, खाली फट राहते. तिथून पाय दिसतात, जमीन दिसते. पण नुसत्या अंदाजावर मी कुणाला पकडत नाही. तिचे डोळे बांधून झाल्यावर, दोघी निघाल्यावर, एक बाटली आवाज न करता उचलली आणि बरोबर त्यांच्या वाटेत ठेवली.

सुमैरा वळसा घालून गेली. डोळे बांधलेली मुलगी!

पट्टी मीच सोडली.

"तुला दिसतंय."

"न्हाई म्याडम."

"मग बाटली चुकवलीस कशी?"

"दिशानं वढलं."

"दिशाने ओढलं नाही. मी बघत होते. खोटं बोलू नकोस."

दिशाच्या चेहऱ्यावर काहीच नाही, भिंतीसारखी. तेवढ्यात अंगद मधे पडला — "म्याडम, समदेच बघत्यात थोडं थोडं! मी बी बघतो! ह्यो बी बघतो!" आणि सगळा वर्ग एकदम हसायला लागला. फार मोठ्याने, ठरवून हसतात तसा. मी हसले नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. विश्वासाचे खेळ शिकवायला आले आणि इथे अख्खा वर्ग एका लबाडीवर पांघरूण घालतोय. त्याबाबतीत मात्र सहकार्य उत्तम!

अट घातली. पुढच्या शनिवारी पट्टी माझी, वाट माझी. सुमैरा गाडी, दिशा डायवर. नीट पार पडलं तर जोडी राहील आणि पालकांसमोर तीच जोडी खेळेल. नाही तर दोघी वेगळ्या.

"दिशा गाडी आन मी डायवर — चाललं का म्याडम?"

"नाही."

"मग वाट आदी एकदा बघून घिऊ का?"

"नाही."

ती दिशाकडे वळली. दिशा शाळेच्या कौलांकडे बघत होती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

कंपनीतून काळं कापड आणलं. पार्टवरचा बारीक ओरखडा तपासायला आम्ही अंधारी खोकी करतो, त्याच्या अस्तराचं. एकेरी बांधून पाहिलं, दिव्याची किंचित जाणीव होत होती. दुहेरी केलं. नाकाच्या बाजूला कापसाची गुंडाळी शिवली. स्वतःच्या डोळ्यांवर बांधून खोलीत चालले आणि कपाटावर आदळले.

शून्य. आता बघू.

शनिवार, २९ नोव्हेंबर



वाट मी सकाळीच आखली होती. पहिल्यापेक्षा लांब, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. टाकीचा ओटा सिमेंटचा, कमरेएवढा. पण डायवरचे डोळे उघडे असतात ना! ओटा काही लपलेला नाही, भर मैदानात आहे.

पट्टी बांधताना सुमैरा म्हणाली, "लई घट्ट हाय." मी म्हणाले, घट्टच असते. तिने एकदा दोन्ही हात वर नेले, पट्टीला लावले आणि खाली घेतले. मग दिशाचा हात धरला.

सुरुवातीला बऱ्या चालल्या. मग दोन बाटल्या पडल्या, एकामागून एक. आजवर यांची एक पडली नव्हती! माझा संशय खरा ठरला म्हणून मला बरं वाटलं — हे इथे लिहून ठेवते. टाकीजवळ सुमैरा थबकली. न बोलण्याचा नियम मोडून हळूच म्हणाली, "दिशे, थांब, मला काय बी..." दिशा थांबली नाही. उलट पावलं वाढवली आणि तिला ओढत नेलं. दिशा ओट्याच्या बाजूने गेली, सुमैरा सरळ ओट्यावर.

सुमैरा पुढे कोलमडली, तिची हनुवटी ओट्याच्या कडेला लागली. तो आवाज!

रक्त हनुवटीवरून गळ्यावर आलं. मी धावले. सर धावले. पोरं ओरडत होती. आणि दिशा — जागेवर उभी. रिकामा हात तसाच पुढे. सुमैरा तिच्या उजवीकडे पडली होती, ही डावीकडे तोंड करून उभी होती. वळून पाहिलंसुद्धा नाही! आपली मैत्रीण रक्ताळून पायाशी पडलीय आणि मुलगी वळून बघत नाही. असा थंडपणा मी मोठ्या माणसांतही पाहिला नाही.

आरोग्य केंद्रात चार टाके. सुमैरा रडली नाही. टाके घालताना एकच — "दिशा कुठं हाय? तिला घरी कोन सोडतंय?"

रविवार, ३० नोव्हेंबर

सुमैराच्या घरी गेले. न जाणं बरोबर नव्हतं.

खाजाभाई अंगणात कापूस पिंजत होते. अंगावर, भुवयांवर कापूस. मशीन बंद करून उभे राहिले. "बसा म्याडम. पोरं हायेत, खेळताना लागतंयच." चहा झाला. मग हळूच म्हणाले, "पर लोक काय बी बोलाय लागलेत. मुद्दाम पाडलं म्हनं त्यांच्या पोरीनं. मी म्हनलं, पोरींच्यात कसलं आलंय मुद्दाम? ह्या गावात चार पिढ्या झाल्या आमच्या. त्यांच्या समद्या लग्नाच्या गाद्या आमच्याच हातच्या." कप खाली ठेवला. "हिची खाला, हिच्या आईची भैन, मुकुंदनगरला असती. नगरला शाळा चांगली हाय म्हनती. बघू."

आतून सुमैरा, हनुवटीच्या पट्टीमुळे शब्द अडकत — "अब्बा, मीच पडले! मला न्हाई जायाचं."

मुद्दाम. हा शब्द काल माझ्याही मनात आला होता. मी तो बोलले नव्हते इतकंच.

सोमवार, १ डिसेंबर

मोनिका: "कार्यक्रम रद्द. साहेब येत नाहीत. पालकांनाही बोलवू नकोस. शेवटचा शनिवार साधा घे, पेनं वाट, संपव. आणि त्या टाकीचे फोटो कुठेही जाऊ देऊ नकोस!"

मुलगी कशी आहे, हे विचारलं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

अर्धी रजा टाकून शाळेत गेले. मला नक्की उत्तर हवं होतं. लोकांची कुजबुज म्हणजे माप नव्हे.

सरांच्या समोर दिशाला बोलावलं. अंगद तिला दारापर्यंत घेऊन आला. त्याला बाहेर पाठवलं.

"दिशा, शनिवारी टाकी तुला दिसली होती का?"

ती अंगद गेला त्या दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"हे बघ, दिसली नसेल तर नाही म्हण. घाई झाली, लक्ष नव्हतं, काहीही असेल. मी रागावणार नाही. दिसली होती का?"

"व्हय."

"नक्की?"

"दिसली हुती."

"मग थांबली का नाहीस?"

फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली. भीती नाही, पश्चात्ताप नाही. मी तिला सुटायला जागा दिली होती, तिने ती घेतली नाही. सर म्हणाले, "अगं, भांडण झालं होतं का तुमचं?" तिने मान हलवली. हो की नाही तेही कळू दिलं नाही.

फाटकाशी तिची आई छबूबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात विळा, थेट वावरातून आलेली. "ओ म्याडम! माझ्या पोरीला कोर्टात हुबं केलंय का तुमी? कुनी शिकवलं तिला डोळं बांधून पळायला? तुमीच ना? मग पोरीचं नाव का घेताय?" मी म्हणाले, मी नाव घेतलं नाही, तिने स्वतः सांगितलंय. छबूबाईंनी विळा दुसऱ्या हातात घेतला. मग दिशाच्या पाठीत एक धपाटा घातला. "चल घरी, रांडं! त्या खाजाभाईला आता कंच्या तोंडानं बघू मी?"

परतताना खाजाभाईंच्या घरी थांबले. त्यांनी विचारलं तेव्हा मी जे ऐकलं तेच सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. टाकी दिसली होती, असं दिशा म्हणाली. ते हातातला कापूस बोटांनी पिंजत राहिले. "बरं झालं सांगितलं," म्हणाले.

जोडी मोडली. सरांनाही पटलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

मी विचारलं, तिने उत्तर दिलं, मी ते पोचवलं. यात चूक कुठे आहे? दिवसभर शोधतेय. सापडत नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

सुमैरा नव्हती. दिशा उशिरा आली, भिंतीला हात लावत. तिला अंगदची जोडी दिली — अंगद गाडी, दिशा डायवर. शिट्टी वाजवली. दोघं हलेनात. अंगदने गिअरसुद्धा टाकला नाही.

"चल की, अंगद."

त्याने पट्टी कपाळावर सरकवली. रडत होता. "म्याडम, तिला दिसत न्हाई."

मी शिट्टी तोंडातून काढली.

"तिसरीपासनं न्हाई दिसत. जवळचं थोडंसं दिसतंय, लांबचं समदं धुरकट. घरी कळलं तर शाळा बंद करत्याल म्हनून कुनाला सांगायचं न्हाई, असं समद्यांनी ठरवलं हुतं. डोळं तपासायला डाक्टर आल्ते, तवाबी सुमीनंच मागनं हळूच अक्षरं सांगितली. तुमच्या खेळात बी..." त्याने नाक पुसलं. "गाडीच डायवरला न्हेत हुती म्याडम. तुमी गाडीचंच डोळं बांधलं."

दिशाजवळ गेले. ती माझ्याकडे बघत होती — माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे.

"टाकी दिसली होती असं का म्हणालीस?"

"सुमीनं गळ्याची शपथ घातल्ती." मग विचारलं, "आता ती यील ना परत?"

मी सरांकडे पाहिलं. सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, खाजाभाई काल सुमैराचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले.